रस्त्यावरील तपासणी आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा : वाहतूक पोलिसांवरील वास्तव-मालिकांचा एक विचार

प्रस्तावना

शासनसंस्थेच्या ज्या प्रतिनिधीशी सामान्य नागरिकाचा वारंवार आणि प्रत्यक्ष संबंध येतो, तो प्रतिनिधी म्हणजे वाहतूक पोलीस होय. न्यायालयाची पायरी आयुष्यात एकदाही न चढलेला मनुष्य चौकातील शिट्टी ऐकून मात्र कधी ना कधी थांबलेला असतो. गाडी बाजूला घेणे, कागदपत्रे दाखवणे, दोन-चार प्रश्नोत्तरे आणि दंड किंवा समज, एवढाच हा व्यवहार असतो. गेल्या तीन-साडेतीन दशकांत अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत हा अल्पकालीन व्यवहार दूरचित्रवाणीवरील मनोरंजनाचा एक भरभक्कम विषय बनला. पोलिसांच्या गस्तीच्या गाडीत कॅमेऱ्यासह बसून त्यांच्या पाळीचे चित्रीकरण करावयाचे आणि त्यातील निवडक प्रसंग जोडून मालिका प्रक्षेपित करावयाची, असे या कार्यक्रमांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. त्यात नट नसतात, संहिता नसते आणि घडून गेलेल्या घटनेचे नाट्यरूपांतरही नसते. म्हणूनच त्यांना ‘वास्तव-मालिका’ म्हटले जाते.

या मालिकांविषयी सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात. त्यांनी रस्ते अधिक सुरक्षित झाले काय, आणि त्या पोलिसांची प्रतिमा उजळतात काय. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे असले, तरी त्यांच्या मुळाशी असलेला तिसरा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. पोलीस आणि नागरिक या दोघांमधील व्यवहारात कॅमेरा हा तिसरा पक्ष उभा राहिल्यानंतर त्या व्यवहाराची जी नोंद तयार होते, तिच्यावर अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने या मालिकांची उत्पत्ती, त्यांची रचना व त्यांतून उद्भवलेले कायदेशीर पेच यांचा विचार केला आहे.

दोन देश, दोन उगम

या प्रकारच्या मालिकांचा प्रारंभ अमेरिकेतील ‘कॉप्स’ या मालिकेपासून मानला जातो. जॉन लँगली व माल्कम बार्बर यांनी निर्माण केलेली ही मालिका ११ मार्च १९८९ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. तिचे आरंभीचे चित्रीकरण फ्लोरिडा राज्यातील ब्रोवर्ड परगण्यात झाले. त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांनी प्रदीर्घ संप पुकारला होता. लेखकाशिवाय आणि नटांशिवाय तयार होणारा, म्हणूनच अल्पखर्चिक असणारा कार्यक्रम नव्याने उभ्या राहणाऱ्या वाहिनीला हवाच होता. खांद्यावर घेऊन धावता येईल असा व्हिडिओ कॅमेरा तोवर उपलब्ध झालेला होता. अर्ध्या तासाचा भाग, त्यात तीन प्रसंग आणि निवेदकाचा पूर्ण अभाव, हा ‘कॉप्स’चा साचा पुढे दीर्घकाळ टिकून राहिला. ही मालिका केवळ वाहतूक पोलिसांची नव्हे. तथापि तिच्यातील कितीतरी प्रसंगांची सुरुवात रस्त्यावर थांबवलेल्या एखाद्या मोटारीपासूनच होते.

ब्रिटनमधील परंपरा निराळी आहे. तेथे आधी पोलिसांचे स्वतःचे चित्रीकरण आले आणि मागून दूरचित्रवाणी आली. गस्तीच्या मोटारींमध्ये, हेलिकॉप्टरांमध्ये आणि महामार्गांवर बसविलेल्या कॅमेऱ्यांच्या फिती पोलीस दलांकडे साठलेल्या होत्या. त्यांच्या आधारे १९९४ मध्ये आयटीव्ही वाहिनीवर ‘पोलीस, कॅमेरा, ॲक्शन!’ ही मालिका सुरू झाली. तिचे निवेदन ॲलिस्टर स्ट्यूअर्ट या प्रतिष्ठित वृत्तनिवेदकाकडे होते, यावरून तिचा सूर कळून यावा. बेदरकार चालकांना खडसावणारा, सुरक्षिततेचा उपदेश करणारा असा तो वडीलधारा सूर होता. २००३ मध्ये खुद्द या निवेदकासच मद्यप्राशन करून वाहन चालविल्याबद्दल शिक्षा झाली आणि मालिका काही काळ पडद्याआड गेली. या योगायोगावर त्या वेळी बरीच टीकाटिप्पणी झाली. परंतु या घटनेतून एक गोष्ट अनायासे स्पष्ट झाली. वाहतुकीचा नियम मोडणारा हा समाजाबाहेरचा कोणी गुन्हेगार नसतो, तो प्रेक्षकांपैकीच, किंबहुना निवेदकांपैकीही असू शकतो.

त्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, बीबीसीने ‘ट्रॅफिक कॉप्स’ ही मालिका सुरू केली. साठवलेल्या फितींऐवजी येथे चित्रीकरण करणारा चमू वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्यांसोबत प्रत्यक्ष फिरू लागला. अधिकारी आता नावानिशी ओळखीचे झाले. ते गाडी चालविताचालविता कॅमेऱ्याशी बोलू लागले, विनोद करू लागले. २०१६ पासून ही मालिका ‘चॅनल फाइव्ह’वर गेली. त्याच वाहिनीवर २००८ मध्ये एसेक्स पोलिसांच्या वेगवान पथकावरील ‘पोलीस इंटरसेप्टर्स’ सुरू झाली होती. ऑस्ट्रेलियात २००९ पासून व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांवर ‘हायवे पॅट्रोल’ ही मालिका आली. न्यूझीलंडमधील ‘मोटरवे पॅट्रोल’ ही तिच्याच गोत्रातील होय.

रस्ताच का?

पोलिसांची कामे अनेक. तपास, बंदोबस्त, समन्स बजावणे, न्यायालयातील साक्ष या सर्वांच्या तुलनेत वाहतूक शाखेचे काम दूरचित्रवाणीला इतके का मानवले, याची कारणे कथनाइतकीच कायद्यातही शोधावी लागतात.

पहिले कारण अधिकाराचे. ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्यातील कलम १६३ नुसार गणवेशातील पोलीस रस्त्यावरील कोणतेही वाहन थांबवू शकतो. त्यासाठी विशिष्ट संशय असण्याची अट नाही. अमेरिकेत वाहन थांबविण्यास कारण लागते, परंतु ते अगदी किरकोळ असले तरी चालते. वाहतुकीचा एखादा नियम मोडला गेला असेल, तर वाहन थांबविण्यामागे पोलिसांचा मूळ हेतू दुसराच असला तरी ती कृती वैध ठरते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. कायदेशीरपणे थांबवलेल्या चालकास गाडीतून खाली उतरण्यास सांगता येते, हे त्याच न्यायालयाने १९७७ मध्येच मान्य केले होते. मागचा दिवा बंद असल्याचे निमित्त आणि शेवटी डिकीत सापडलेले अमली पदार्थ, हा ‘कॉप्स’मधील सुपरिचित क्रम केवळ संकलकाच्या कौशल्याचा भाग नाही. कायद्यानेच त्या कथेला सुरुवात, मध्य आणि शेवट बहाल केला आहे.

दुसरे कारण जागेचे. विल्सन विरुद्ध लेन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असे ठरविले, की पोलिसांनी अटक वॉरंट बजावताना पत्रकारांना किंवा छायाचित्रकारांना सोबत घेऊन नागरिकाच्या घरात शिरणे हा घटनेतील चौथ्या दुरुस्तीचा भंग होय. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी लिहिलेल्या या निकालाचा आधार घराची पवित्रता हा होता. रस्त्याला ती पवित्रता नाही. साहजिकच, घराचे दार कॅमेऱ्याला बंद झाले तरी मोटारीची काच त्याला उघडीच राहिली. मोटार ही एका अर्थाने मनुष्याची खाजगी खोलीच असते. तो तिच्यात भांडतो, रडतो, लेकरांना रागावतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र ती भर चौकात उभी असते.

तिसरे कारण वेळेचे. खुनाचा तपास महिनोन्महिने चालतो. रस्त्यावरील तपासणी सात-आठ मिनिटांत निकाली निघते. श्वासाची चाचणी घेतली जाते, यंत्रावर आकडा उमटतो आणि प्रेक्षकाला निकाल तत्काळ कळतो. ब्रिटनमध्ये विमा नसलेले वाहन जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना २००५ मध्ये मिळाला. वाहनाच्या क्रमांकाची पाटी आपोआप वाचणारे यंत्र, रेडिओवरून आलेले ‘विमा नाही’ हे उत्तर आणि अखेर मालकाच्या डोळ्यांदेखत मालवाहू गाडीवर चढविली जाणारी मोटार हे दृश्य तेव्हापासून या मालिकांचे हुकमी दृश्य ठरले. विम्याच्या कागदासारख्या नीरस वस्तूत इतके नाट्य दडलेले असेल, याची कल्पना कोणत्याही नाटककाराने केली नसती.

निवड आणि निसटलेले वास्तव

या मालिकांतील प्रत्येक दृश्य खरे असते, आणि तरीही संपूर्ण चित्र खरे असेलच असे नाही. कित्येक तासांच्या चित्रीकरणातून थोडीच मिनिटे उरतात. पावसात चौकात उभे राहणे, अपघाताचा नकाशा काढणे, अहवाल लिहिणे, ज्या वाहनचालकांची कागदपत्रे बिनचूक निघाली त्यांना जाऊ देणे, हा कामाचा मोठा भाग कापला जातो. उरतो तो पाठलाग, मद्यपी आणि उद्धट उत्तरे.

मेरी बेथ ऑलिव्हर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आशयविश्लेषणात ‘कॉप्स’सह तत्कालीन अमेरिकी वास्तव-मालिकांचा अभ्यास केला होता. गुन्ह्यांचा छडा लागण्याचे प्रमाण या मालिकांत प्रत्यक्षापेक्षा कितीतरी अधिक दिसते. तसेच गौरवर्णीय व्यक्ती पोलिसांच्या भूमिकेत, तर कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक व्यक्ती संशयितांच्या भूमिकेत दिसण्याची शक्यता अधिक असते, असे त्यांना आढळून आले. अलीकडे, २०१९ मध्ये, डॅन टॅबर्स्की यांनी ‘रनिंग फ्रॉम कॉप्स’ या ध्वनिमालिकेसाठी ‘कॉप्स’चे ८४६ भाग पाहून नोंदी केल्या. चित्रीकरण प्रसारणापूर्वी पाहून त्यावर आक्षेप घेण्याची मुभा पोलीस दलांना होती, ही बाब त्यातून ठळकपणे पुढे आली. गाडीत बसू देणे हे पोलिसांच्या हाती असल्यावर कॅमेऱ्याने यजमानाचा मान राखावा, हे ओघानेच आले. थांबवल्या गेलेल्या चालकाला असा कोणताही पूर्वपाहणीचा अधिकार नव्हता.

रस्ते सुरक्षेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. ग्रेट ब्रिटनमध्ये रस्ता अपघातांतील मृत्यूंची संख्या १९९४ मध्ये सुमारे ३,६५० होती. २०२३ मध्ये ती सुमारे १,६२० वर आली. ही घट लक्षणीय आहे. परंतु तिचे श्रेय दूरचित्रवाणीला देता येणार नाही. श्वासचाचणीचा कायदा १९६७ पासून, पुढील आसनांसाठी पट्ट्याची सक्ती १९८३ पासून आणि वेग टिपणारे स्थिर कॅमेरे १९९२ पासून तेथे होते. मोटारींची बांधणी, रस्त्यांची आखणी आणि जखमींवरील उपचार यांतही मोठी सुधारणा झाली. यांपैकी एकाही घटकाची मालिका होऊ शकत नाही. वळणावर बसविलेल्या लोखंडी कठड्याने कोणाचा जीव वाचला, हे दाखविण्यासारखे दृश्यच नसते, कारण तेथे काही घडलेलेच नसते.

संमतीचा प्रश्न

ब्रिटनमध्ये या मालिकांवर दोन बंधने आहेत. १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यामुळे खटला चालू असता आरोपीविषयी पूर्वग्रह निर्माण करणारे दृश्य दाखविणे जोखमीचे असते; त्यामुळे चित्रीकरण आणि प्रसारण यांत बरेचदा कित्येक महिने जातात. दुसरे बंधन ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेच्या प्रसारणसंहितेचे. संमती नसेल आणि सार्वजनिक हिताचे समर्थनही नसेल, तर व्यक्तीच्या खाजगीपणाचा भंग ही संहिता अयोग्य मानते. अपघातग्रस्तांच्या बाबतीत तर घटना सार्वजनिक ठिकाणी घडली असली तरी हे संरक्षण लागू होते, असे तिने स्वतंत्रपणे नमूद केले आहे. धूसर केलेले चेहरे आणि पुसलेले वाहनक्रमांक या मालिकांत दिसतात, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

या संदर्भात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ जानेवारी २००३ रोजी दिलेला एक निकाल मूलगामी आहे. एसेक्समधील ब्रेंटवुड या गावी १९९५ मध्ये अत्यंत निराश मनःस्थितीतील एक मनुष्य रात्री भर रस्त्यात नगरपालिकेच्या कॅमेऱ्यात टिपला गेला होता. त्या कॅमेऱ्यामुळे पोलीस वेळीच पोहोचले. कॅमेऱ्याच्या उपयुक्ततेचा दाखला म्हणून पालिकेने ते चित्रीकरण वृत्तपत्रांना व दूरचित्रवाणीला दिले आणि चेहरा पुरेसा न झाकला गेल्याने परिचितांनी त्याला ओळखले. मनुष्य रस्त्यावर होता म्हणून त्याचा खाजगीपणा संपला, हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. वाटसरूच्या नजरेस पडणे वेगळे आणि लक्षावधी लोकांसमोर मांडले जाणे वेगळे, हा भेद त्याने मान्य केला. अमेरिकी कायद्याने रस्ता आणि घर यांच्यात सीमारेषा आखली. युरोपीय न्यायालयाने ती पाहणे आणि प्रसारित करणे यांच्यात आखली. दुसरी रेषा अधिक न्याय्य होय, असे म्हणणे भाग आहे.

संमतीचा विचार करताना ती कोणत्या क्षणी मागितली जाते, हेही पाहिले पाहिजे. रस्त्याच्या कडेला, गणवेशधारी अधिकाऱ्यासमोर, दंड होणार की समज मिळणार हे ठरावयाचे असताना एखाद्याने संमतिपत्रावर केलेली सही कितपत स्वेच्छेची मानावी? नकार दिला तर अधिकारी नाराज होईल, ही भीती निराधार असली तरी ती भीती असतेच.

नष्ट झालेली फीत

अमेरिकेत २०१६ मध्ये ए अँड ई वाहिनीने ‘लाइव्ह पीडी’ ही मालिका आणली आणि चित्रीकरण व प्रसारण यांतील अंतर महिन्यांवरून मिनिटांवर आणले. निरनिराळ्या गावांतील गस्तीच्या गाड्यांमधून किंचित विलंबाने दृश्ये येत आणि स्टुडिओतील सूत्रसंचालक त्यांवर भाष्य करीत. मालिका अल्पावधीतच अत्यंत लोकप्रिय झाली.

मार्च २०१९ मध्ये टेक्सास राज्यातील विल्यमसन परगण्याच्या पोलिसांनी समोरून येणाऱ्या वाहनासाठी दिव्यांचा झोत खाली न केल्याच्या कारणावरून एका कृष्णवर्णीय चालकाची मोटार थांबविण्याचा प्रयत्न केला. मोटार थांबली नाही. सुमारे २२ मिनिटे पाठलाग झाला. ऑस्टिन शहरात मोटार आदळून थांबल्यावर त्याच्यावर विजेचा धक्का देणारे शस्त्र वारंवार वापरण्यात आले. आपल्याला हृदयविकार आहे, श्वास घेता येत नाही, असे तो सांगत होता. त्यातच त्याचा मृत्यू झाला. ‘लाइव्ह पीडी’चा चमू तेथे हजर होता आणि त्याने हे सर्व टिपले होते. ते दृश्य कधीच प्रसारित झाले नाही. घटनेचा तपशील जून २०२० मध्ये लोकांसमोर आला तेव्हा आपल्या धोरणानुसार ते चित्रीकरण जतन केलेले नाही, असे वाहिनीने सांगितले.

दिव्यांच्या झोतापासून सुरू झालेला हा प्रसंग या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. खाजगी संस्थेने केलेली नोंद नाहीशी झाली. घटना उजेडात आली ती पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांमुळे, कारण ती नोंद शासकीय होती आणि तिच्या जतनाला नियम होते. संबंधित दोन अधिकाऱ्यांवर खटला चालला व मार्च २०२४ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. ज्यूरीचा निर्णय काहीही असो, घटनास्थळी हजर असलेल्या व्यावसायिक छायाचित्रकाराची फीत त्या न्यायप्रक्रियेत उपलब्ध नसावी, ही बाब गंभीरच म्हटली पाहिजे. २०२१ मध्ये टेक्सास राज्याने कायदा करून पोलीस दलांना वास्तव-मालिकांसाठी असे चित्रीकरण करू देण्यास मनाई केली.

‘लाइव्ह पीडी’ आणि ‘कॉप्स’ या दोन्ही मालिका जून २०२० मध्ये बंद करण्यात आल्या. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांच्या झालेल्या हत्येनंतर उसळलेल्या जनक्षोभाचा तो परिणाम होता. ती हत्या जगाने पाहिली ती रस्त्यावरील एका अल्पवयीन मुलीने भ्रमणध्वनीवर केलेल्या चित्रीकरणातून. पोलिसांच्या निमंत्रणावाचून घेतलेले ते दृश्य होते. तरीही या मालिकांची बाजारपेठ संपली नाही. ‘कॉप्स’ २०२१ मध्ये ‘फॉक्स नेशन’वर परतली आणि ‘लाइव्ह पीडी’चा साचा २०२२ मध्ये ‘ऑन पॅट्रोल : लाइव्ह’ या नावाने पुन्हा वापरात आला.

भारतीय संदर्भ

भारतीय दूरचित्रवाणीने पोलिसांविषयीच्या कार्यक्रमांसाठी प्रामुख्याने नाट्यरूपांतराचा मार्ग पत्करला. १९९८ मधील ‘इंडियाज मोस्ट वॉन्टेड’ आणि २००३ पासूनची ‘क्राइम पॅट्रोल’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. गस्तीच्या गाडीत बसणारा कॅमेरा येथे रुजला नाही. मात्र त्याचे काम आता पोलीस दलांची स्वतःची समाजमाध्यमांवरील खाती काही प्रमाणात करू लागली आहेत. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर खाते उघडले. त्यांची खुसखुशीत भाषा लवकरच देशभर वाखाणली गेली. हेल्मेटविना किंवा विरुद्ध दिशेने जाणाऱ्या चालकांच्या चित्रफिती अशा खात्यांवरून प्रसृत करण्याची पद्धत देशातील अनेक शहरांत आता रूढ आहे. येथे निर्माता, संकलक आणि प्रसारक हे तिघेही पोलीसच असतात. ब्रिटनमधील संहितेसारखा त्रयस्थ नियामक मध्ये नसतो.

भारतातील प्रश्नाची तीव्रता निर्विवाद आहे. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. अशा स्थितीत लोकशिक्षणासाठी दृश्यमाध्यमाचा वापर करू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केल्यानंतर हा वापर कोणत्या नियमांखाली व्हावा, हे ठरविणे अगत्याचे झाले आहे. अटक केलेल्या व्यक्तींना माध्यमांसमोर उभे करण्यासंबंधी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१० मध्येच सूचना दिल्या होत्या. सिग्नल तोडणारा दुचाकीस्वार अटकेत नसतो, त्यामुळे त्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम समाविष्ट करण्यात आला. वेगमापक कॅमेरे, पोलिसांच्या अंगावरील कॅमेरे, गाडीतील कॅमेरे इत्यादी साधनांचा वापर त्याने विहित केला. अशी साधने जेथे बसविली आहेत तेथे सूचनाफलक लावावा आणि चलन निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जतन करावी, अशी तरतूद त्यात करण्यात आली. टेक्सासमध्ये जे घडले ते लक्षात घेता ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण तिने नोंदीला पुराव्याचे स्थान दिले. मात्र ही तरतूद नोंद जपण्यापुरती आहे. तीच नोंद शासकीय खात्यावरून लोकांसमोर मांडावयाची झाल्यास चेहरा व वाहनक्रमांक झाकावा काय, चालकास आधी कळवावे काय आणि दंड भरल्यानंतर ती फीत किती दिवसांत काढून टाकावी, या तीन बाबी अद्याप त्या त्या पोलीस दलाच्या विवेकावर सोपविलेल्या दिसतात.